स्पॅनिशच्या तासाचा बाजार

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्च्यांवरून आणायचे आणि मी जमिनीवर पालथी पडून वाचायचे. काहींत लॅटिन अमेरिकेतल्या शेतमजुरांच्या हकिगती असत, इंग्रजीतून मराठीत आलेल्या. त्या मूळ भाषेतच वाचायच्या, या हट्टापायी मी पुण्यात स्पॅनिश शिकले आणि गावी, वारूळवाडीला परत आले. तेव्हा शेजारच्या नारायणगावात इंग्रजी शाळांचं पीक आलं होतं. त्यातल्या एका शाळेच्या संस्थाचालकांनी स्पॅनिश शिकवायला बोलावलं.

"आपली द्राक्षं फॉरेनला जात्यात, मॅडम. पोरं का नाय जायची?"

त्यांचं कारण मला पटलं नाही, पण दुसरीचा वर्ग मिळत होता. मी हो म्हणाले.

त्या वर्गाचा इंग्रजीचा तास मी मागे बसून पाहिला. ज्यांच्या घरी शिकवणीच्या बाई येत, तीच मुलं हात वर करत होती. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींची मुलगी तर मराठीच्या तासालाही तोंड उघडत नसे. शिनोलीच्या वरच्या डोंगरातलं ते कुटुंब. घरची बोली वेगळी, ती बोलली की वर्ग हसायचा. स्पॅनिश मात्र कुणाच्याच घरी नव्हती. इथे कुणी कुणाच्या पुढे नव्हतं. या तासाला ती मुलगी बोलली पाहिजे, एवढंच मी मनाशी धरलं.

फळा नाही, वही नाही. घरून पाटीभर टोमॅटो नेले आणि वर्गात बाजार मांडला. भाव विचारायला 'क्वांतो', महाग म्हणायला 'कारो'. भाव पाडणं या मुलांना शिकवावं लागलं नाही. एका आडत्याचा मुलगा पहिल्याच दिवशी ओरडला, "कारो, राव, लई कारो!"

काही आठवड्यांनी मावशींची मुलगी विकायला बसली. ती दहावरून खाली उतरेना. "नो! दिएस!" आडत्याचा मुलगा गयावया करतोय आणि ही टोमॅटो पोटाशी धरून, "नो!" वर्ग खदखदून हसला. या वेळी तिला नाही, त्याला.

तेवढ्यात संस्थाचालक दारात आले.

"मॅडम, शाळा हाय का मार्केट यार्ड?"

"सर, मुलं बोलतायत. स्पॅनिशमधे."

"बोलू द्या की. पण गॅदरिंगला पाव्हणं येणार, त्यांच्यापुढं खणखणीत भाषण पायजे. ह्याच्याकडनं पाठ करून घ्या." त्यांनी आडत्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सगळ्यात चांगलं ती बोलते."

"तिचं मराठीच धड नाय, मॅडम!"

"स्पॅनिशला तिचं मराठी कशाला लागतं?"

ते हसले. "तुमी पत्रकं वाचून मोठ्या झालेल्या. तुमच्याशी कोण वाद घालणार?"

पाठांतर घ्यायला मी नकार दिला. त्यांनी इंटरनेटवरून स्पॅनिश भाषण काढलं, देवनागरीत लिहवून घेतलं आणि माझा तास तालमीला दिला. महिनाभर बाजार बंद. मुलगा उभा राहून घोकायचा, बाकीच्यांनी हाताची घडी घालून ऐकायचं. मी ऑफिसात जाऊन भांडले, लेखी अर्ज दिला, पुन्हा भांडले. "गॅदरिंग होऊन जाऊ द्या," एवढंच उत्तर.

गॅदरिंगला मुलाने एका श्वासात भाषण म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे माइकवर म्हणाले, "ग्रामीण भागातल्या मुलाचं इतकं सुंदर इंग्रजी ऐकून ऊर भरून आला." कुणीही त्यांची चूक दुरुस्त केली नाही. संस्थाचालक तर सर्वात जोरात टाळ्या वाजवत होते.

सोमवारी तास परत मिळाला. मी पाटी घेऊन गेले, मावशींच्या मुलीसमोर टोमॅटो मांडले आणि विचारलं, "क्वांतो?"

तिने आधी आडत्याच्या मुलाकडे पाहिलं, मग खाली. मी पुन्हा विचारलं.

"मॅडम, तिला नाय येत," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याला इचारा."

मी तिच्याकडेच बघत राहिले. तिने मान डोलावली. खरंच येत नाही म्हणून.