भावाच्या पालीचं अंथरूण

माझा धाकटा भाऊ पुण्यात गाडीवरून पडून गेला. पंधरा दिवसांनी त्याच्या खोलीवरचा मित्र एसटीने माजलगावला आला, त्याचं सामान घेऊन. दोन बॅगा आणि झाकणाला भोकं पाडलेला एक प्लॅस्टिकचा डबा. डब्यात पाल होती. पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपूट बोटाएवढं जाड. भावाने ती दोन वर्षं पाळली होती आणि आम्हाला घरात पत्ता नव्हता.

आईने तोंड फिरवलं आणि पाल कंपाउंडच्या बाहेर सोडायला सांगितलं. मित्र म्हणाला, ही माणसाच्या हातची आहे, बाहेर दोन दिवस जगणार नाही. मी डबा भावाच्या खोलीत नेऊन ठेवला.

डब्याचा तळ तडकला होता. म्हणून आमच्या किराणा दुकानातली बिस्किटांची काचपेटी घरी आणली, वर जाळी बसवली, एका कडेला बल्ब लावला आणि दुसऱ्या कडेला फुटक्या माठाचं खापर पालथं घातलं, तिला लपायला. खाली सिंदफणा नदीची वाळू चाळून टाकली. मला वाटलं, बेस झालं. पण नाकतोडा धरताना ती वाळूही गिळायची. आठवड्यात तिने खाणं सोडलं. बीडचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले की ते बैल-शेळ्यांचे डॉक्टर आहेत. तरी त्यांनी कुणाला तरी फोन लावून विचारलं. वाळू आतड्यात साचते, आजच काढा, असं उत्तर आलं. मग लाकडाचा भुसा घातला, तर तो तिच्या डोळ्यांत जायला लागला. शेवटी वर्तमानपत्र अंथरलं.

कागदावर तिची नखं वाजायची. भर दुपारी गल्ली सामसूम असायची आणि त्या बंद खोलीतून खसखस ऐकू यायची, कुणी पांघरूण सारतंय तशी. एकदा ताटावर बसलेलो असताना आई हात थांबवून म्हणाली, "उठला वाटतं." माझा घास तोंडातच राहिला.

नंतर एका दुपारी दुकानातून जेवायला आलो तर आई काचपेटीपुढे बसलेली. आत कागद नव्हता. भावाचा चौकड्याचा शर्ट घडी घालून अंथरला होता आणि पाल खिशात डोकं घालून निजली होती. खसखस बंद.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला पापण्या हायेत. आपल्या घरातल्या पाली कधी डोळे मिटत्यात का?"

मी वाकून बघितलं. पालीने डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे पाहिलं आणि माणसासारखे सावकाश डोळे मिटले.

त्यानंतर आई रोज दुपारी तिथे बसायची. हळू आवाजात काही विचारायची आणि पालीने डोळे मिटले की मान हलवायची. एके दिवशी मला म्हणाली की पुण्याच्या खोलीत त्याचा पंखा चालत न्हवता, लई उकडायचं. मी त्याच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, हो, पंखा तीन महिने बंद होता. भावानेच कधीतरी फोनवर आईला सांगितलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. आईला मात्र विचारलं नाही.

महिनाभराने शर्टाच्या शिवणीचा एक दोरा सुटला आणि पालीच्या मागच्या पायाच्या बोटाला आवळला. बोट काळं पडलं होतं. आईने तिला ओंजळीत धरलं आणि मी नखं कापायच्या छोट्या कात्रीने दोरा कापला. पाल घाबरून उसळली आणि तिचं शेपूट तुटून शर्टावर पडलं.

ते तडफडत राहिलं. उलटंपालटं होत, कॉलरपासून खिशापर्यंत. मी नजर वळवली. आई बघत राहिली, ते पुरतं निवांत होईपर्यंत.

"गेला," ती म्हणाली. भाऊ गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दुपारी ती शर्ट तोंडाशी धरून रडली. मग उठून तो स्वतः धुतला आणि दोरीवर वाळत घातला.

मी पेटीच्या मापाची शहाबादी फरशी कापून आणली, खरबरीत बाजू वर ठेवून बसवली. ती बल्बने चांगली तापते, पुसायला सोपी, आणि तिच्यावर नखं वाजत नाहीत. पालीचं बोट वाचलं नाही. शेपूट नवं आलं, मुळ्यासारखं गुबगुबीत.

आई आता तिथे बसत नाही. पण पाल मधून मधून कात टाकते. टाकलेली कात ती स्वतःच खाते, काही उरत नाही. मागच्या खेपेला फरशीवर तेवढा एक पुढचा पंजा उरला होता. पांढरा, पातळ, पाचही बोटं शाबूत, लहान बाळाच्या हातमोज्यासारखा. मी फडकं आणायला गेलो आणि परत आलो, तर फरशी रिकामी होती आणि आई मूठ मिटून खोलीबाहेर चालली होती. तिने तो कुठे ठेवला, हे मी विचारलेलं नाही.