आत्याच्या माशांवर तक्रार

आत्या बोटाने माशाचा कल्ला उचलून एका बाईला आतला लाल रंग दाखवत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "सुरी खाली ठेवा."

आत्याने सुरी खाली ठेवली नाही. आधी तो मासा साफ करून बाईच्या पिशवीत घातला, मग सुरी ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "बोला."

मासेविक्री तपासणाऱ्या मॅडम होत्या. वर्षभरात मासळीच्या शेडमध्ये त्यांचं तोंड दिसलं नव्हतं. आज आल्या त्या शिपाई, खोका आणि रिकाम्या बाटल्या घेऊनच.

"तुमच्यावर तक्रार आलीये. मासळीला वास येतो, तळ्याचं पाणी घाण आहे. तपासणी होईपर्यंत तुमची विक्री बंद."

"कोणी केली?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. तू कोण?"

"भाची. टेम्पो मी चालवते. म्हणजे कोणीही उठावं, चिखल फेकावा आणि लपून बसावं, असा नियम आहे का तुमचा?"

"आवाज खाली," मॅडम म्हणाल्या.

"तिचा आवाज असाच आहे," आत्या म्हणाली. "झोपेतपण." आणि तिने आपल्या कट्ट्यावर ओलं पोतं पसरलं, जसं काही दिवस संपलाच.

मला तेव्हाच खटकलं होतं. एवढं होऊन बाई चिडत कशी नाही? पण माझं डोकं दुसरीकडे पळालं. शेडमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते आणि मी एकेकाच्या तोंडाकडे. यातलाच एक आहे, मी मनात म्हटलं. घरचा भेदीच असणार, परक्याला आमच्या तळ्याचं काय पडलंय.

विक्री बंद म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे तळ्याच्या काठावर मासा विकायला बंदी आहे. विकायचा तर सरकारी शेडमध्येच, परवान्याची पाटी डोक्यावर टांगून. आणि ज्याची पाटी गेली त्याचं अनुदानही जातं. तळ्यात अंथरायचं प्लास्टिक, माशांचं खाद्य, दरवर्षीची पिल्लं, सगळं अनुदानावर चालतं. पाटी काढली की तळं नुसतं डबकं. आत्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि आत्यापासून मला वेगळं काही नव्हतं.

मी नववीत शाळा सोडली. शाळेनेही मला सोडलं, दोघांनाही बरं वाटलं. बाबा म्हणाले, आता घरात बसून काय करणार, लोकांशी भांडणार? आत्या म्हणाली, भांडायचंच आहे तर माझ्यासाठी भांडू दे, आणि मला टेम्पो शिकायला घातलं. कोणी माझ्यावर पैज लावली असेल तर तिनेच.

ती स्वतः लग्न मोडून परत आली तेव्हा बाबांनी तिला शेताचा तळाचा तुकडा दिला. तिथे काही पिकत नव्हतं, वर्षभर पाणी तुंबलेलं. लोक म्हणाले, भावाने बहिणीला दलदल दिली. आत्याने तिथेच तळं खणून घेतलं. पोहता येत नाही तिला, आजही नाही. जाळं ओढायला उतरते तेव्हा कमरेला दोर बांधते आणि दुसरं टोक माझ्या हातात देते. एकदा मी विचारलं, मी सोडला तर? म्हणाली, "मग माझे मासे तू विक. गिऱ्हाइकांची बोलणी खा, म्हणजे कळेल." शेडमध्ये ती अंगात बाबांचा जुना रेनकोट घालते, उन्हातसुद्धा, आणि कोणी न मागताही प्रत्येक माशाचा कल्ला उघडून दाखवते. एकदा एक माणूस म्हणाला, बाई, माझा विश्वास आहे. ती म्हणाली, "माझा नाही. बघून घ्या, नंतर दारात याल." अशा बाईच्या मासळीला वास येतो म्हणे.

त्याच दुपारी मॅडम तळ्यावर आल्या. बाटल्यांमध्ये पाणी भरलं, चार मासे खोक्यात घातले. मी त्यांच्या मागे मागे फिरत होते, कारण बाटली बदलायला काय वेळ लागतो? शिपाई वैतागला.

"ताई, पाणीच आहे, अत्तर नाही. चोरून कुठे नेऊ?"

"तुमचा भरवसा काय," मी म्हटलं. मग जरा गोड बोलून त्याला पाण्याची बाटली दिली, प्यायची. "दादा, तक्रारीचा कागद तुम्हीच घेतला असेल ना?"

"कागद कुठला. फोन आला होता. शेडच्या भिंतीवर नंबर रंगवलाय ना, त्यावर. पुरुषाचा आवाज. मागे कसली तरी घरघर चालू, अर्धं ऐकूच येत नव्हतं."

घरघर. आमच्या शेडमध्ये एकच यंत्र घरघरतं, बर्फ फोडायचं. आणि ते गारठाचं आहे.

गारठा म्हणजे आमचा बर्फवाला. त्याला खऱ्या नावाने त्याची बायको तरी हाक मारते का माहीत नाही. शेडच्या कोपऱ्यात त्याची खोली, भिंतीला भुसा लावलेला, दारात ते यंत्र. लहानपणापासून मी त्याला दादा म्हणत आले. टेम्पो पहिल्यांदा मी त्याच्याच दारावर घातला होता आणि तो नुसता म्हणाला होता, "दार उघडं होतं, ठोठावायची गरज नव्हती."

मी सरळ जाऊन उभी राहिले. "फोन तू केलास?"

त्याने यंत्र बंद केलं नाही. "बर्फ हवाय की भांडण? भांडण फुकट आहे."

"हो की नाही सांग."

"तुझ्या आत्याला विचार."

"तिला काय विचारू? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा तू, आणि विचारू तिला?"

तो फावड्याने बर्फ टोपलीत भरत राहिला. नाही म्हणाला नाही. माझ्यासाठी तेवढं बस होतं. चोराच्या मनात चांदणं. मी भर शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, की याचाच हात आहे, आमच्या कट्ट्यावर याच्या मेहुण्याला बसवायचंय, म्हणून. मेहुणा मासे विकतो की नाही तेही मला धड माहीत नव्हतं. पण बोलले. लोकांनी कापायचं थांबवून ऐकलं.

घरी आत्या म्हणाली, "त्याला एवढं बोलायची गरज नव्हती."

"तू त्याची बाजू घेतेस?"

"बर्फ कोण देणार मला?"

"विक्रीच बंद आहे, बर्फ कशाला लागतोय तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि ताटातलं मीठ कडेला सारलं. तिला उत्तर द्यायचं नसलं की ती मीठ सारते.

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या तळ्यात पाणी येतं ते वरच्या शेतांमधून वाहणाऱ्या पाटाचं. पाटाचं दार वरच्या काकांच्या शेतात. ते आमचे कोणी नाहीत, त्यांचं शेत वर म्हणून वरचे काका. त्यांनी दार उघडलं तर आम्हाला पाणी, नाही तर ठणठणाट. आणि शेती खात्याचा एक नियम आहे. अनुदानाचं स्वस्त खत लोक गोणीसकट बाहेर विकायचे, म्हणून खात्याने सांगितलं, रिकामी गोणी धुऊन परत करा, तरच पुढची मिळेल. झालं. गोणी परत करायचे दिवस आले की वरपासून खालपर्यंत सगळे पाटात गोण्या धुवायला बसतात. ज्याचं खत उरलेलं असतं तो तेही त्याच पाण्यात झटकतो, कारण भरलेली गोणी दाखवली तर पुढच्या वर्षी कमी मिळेल. सगळं वाहत आमच्या तळ्यात. पाणी हिरवं होतं, सकाळी मासे तोंड वर काढून आ करतात, आणि उन्हं चढेपर्यंत पांढरी पोटं वर.

मागच्या वर्षी आत्या यासाठी फिरली होती. मत्स्य खातं म्हणालं, पाट आमचा नाही. पाटाचं ऑफिस म्हणालं, गोण्या आमच्या नाहीत. शेती खातं म्हणालं, बाई, मासे आमचे नाहीत. तिथला एक कारकून हसून म्हणाला, "मासे स्वतः आले तक्रार घेऊन तर बघू." मी टेबलावर हात आपटला. आत्याने मला बाहेर काढलं. रस्त्यात मी म्हटलं, काकांच्या नावानेच तक्रार देऊ ना, सरळ. ती म्हणाली, "आणि पाटाचं दार कोण उघडणार मग, तुझा तो कारकून?"

त्यावर पुढे बोलणं झालं नाही. या वर्षी गोण्यांचे दिवस पुन्हा आले होते, आणि नेमके तेव्हाच आमच्यावर हे.

मॅडम परत आल्या तेव्हा मी टेम्पो धूत होते. मला वाटलं, पाटी काढायला आल्या. त्या तळ्याकडे न जाता पाटाच्या कडेने वर चालू लागल्या. मी मागे. आत्या आली नाही, ती जाळं शिवत बसली.

पुढे वाटेत कुंपणावर गोण्या वाळत पडलेल्या, एकामागे एक. पाटाचं पाणी साबणासारखं. वरचे काका गुडघाभर पाण्यात उभे राहून गोणी पिळत होते, काकू काठावर.

"हे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या.

"सरकारचं काम," काका म्हणाले. "गोणी स्वच्छ मागतात ना तुमचे लोक."

"माझे लोक मासे बघतात. खाली एका बाईच्या तळ्यात खताचं पाणी सापडलंय. मासे चांगले आहेत तिचे, पण या पाण्यात टिकायचे नाहीत. त्या पाण्यावर तक्रार आहे, म्हणून मला आता लेखी कळवावं लागेल."

"कोणाची तक्रार?" काकांनी हातातली गोणी सोडली. माझ्याकडे बघितलं. "यांची?"

"यांची कशी असेल? यांच्यावरच आहे," मॅडम म्हणाल्या.

कोणावर चिडावं तेच काकांना कळेना. काकू माझ्या जवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला. "बघ गं, तुझ्या आत्यावर कोणीतरी जळतं. आम्ही तर कधी तिचं वाईट चिंतलं नाही. तिला सांग, पाणी लागेल तेव्हा निरोप धाड."

मला बोलायचं होतं की जळणारा बर्फवाला आहे. बोललेच.

मग गोष्टी भराभर हलल्या. तक्रार होती म्हणून पत्र गेलं, पत्र गेलं म्हणून पाटाचा माणूस आला, त्याच्यामुळे शेती खात्याचा. पाटात गोणी धुवायला बंदी झाली. गोणी कोरडी झटकून दिली तरी चालेल, असं ठरलं. एवढं साधं होतं ते. आत्याच्या डोक्यावर पाटी राहिली. तळं त्या वर्षी हिरवं झालं नाही.

पण फुकट काहीच सुटलं नाही. वास येतो हे एकदा कानावर पडलं की नाकात बसतं. निवृत्त मास्तरीणबाई, आठवड्याच्या ठरलेल्या, पलीकडच्या कट्ट्यावर जायला लागल्या आणि आमच्याकडे बघून ओळखीचं हसायच्या, ते जास्त लागायचं. आत्या म्हणायची, "हसते ना? मग येईल." अजून आलेल्या नाहीत. आत्या कल्ले उघडून दाखवते, आता जरा जास्तच वेळ धरून ठेवते.

आणि गारठा. मी त्याला दादा म्हणणं सोडलं. बर्फासाठी टेम्पो घेऊन लांबच्या कारखान्यात जायला लागले, डिझेल गेलं तर गेलं. आत्या ताटातलं मीठ सारायची. तो कधीमधी आमच्या कट्ट्यावर न सांगता टोपली ठेवून जायचा. मी तो बर्फ गटारात ओतायचे, त्याच्या डोळ्यादेखत. शेडमधले दोघंतिघं माझ्या बाजूने झाले, त्यांनीही त्याच्याकडून घेणं कमी केलं. तो कधी खुलासा द्यायला आला नाही. आला असता तरी मी ऐकला नसता.

परवा त्याने खोली सोडली. गुडघे गेले, थंडीत उभं राहवत नाही. मुलाकडे चाललाय. यंत्र न्यायला गाडी हवी होती आणि दुसरा टेम्पो बिघडलेला. आत्या म्हणाली, "तू जा." मी गेले, तोंड वाकडं करून. तो आत भुसा झाडत होता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, यंत्राला दोर बांधायला माझ्यासोबत टेम्पोत चढली. दोर आवळता आवळता म्हणाली, आता आम्ही चाललोच आहोत, तर मनात ठेवून कशाला जाऊ.

फोन गारठानेच केला होता. आत्या त्याच्या शेजारी उभी होती. "मासळीला वास येतो" हे म्हणायला त्याची जीभ रेटेना, तर तिने ते त्याच्याकडून दोनदा घोकून घेतलं, आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून यंत्र तिनेच चालू करायला लावलं. त्याने विचारलं होतं, पोरीला सांगायचं का. आत्या म्हणाली, नको, ती खरोखर भांडली तरच लोकांना खरं वाटेल.