काकूंची सेकंडहँड गाडी

“समझी नहीं भिया, एक बार और बोलो.”

काकू असं म्हणाल्या की ओळखावं, त्यांना सगळं पहिल्याच फटक्यात समजलं आहे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती. भाजीवाला असो की बँकेचा मॅनेजर, प्रत्येकाला दुसऱ्यांदा बोलायला लावते. “खरं दोनदा सांगितलं तरी तेच राहतं,” त्या मला म्हणतात. “थाप मात्र दर वेळी कपडे बदलून येते.” तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल. तिच्याशी जपून बोला.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात बडा गणपतीच्या देवळामागे आमची घरं समोरासमोर आहेत. काकांना अर्धांगवायू झाला आणि त्यांचं बाहेर पडणंच थांबलं. रिक्षात चढवेना. सिमरोलला त्यांच्या भावाची शेती आहे, तिथल्या विहिरीपाशी एकदा बसायचंय, एवढंच ते म्हणत. मग साठी उलटल्यावर काकू गाडी शिकल्या आणि साठवलेल्या पैशांतून विजय नगरच्या एका डीलरकडून सेकंडहँड गाडी घेतली. मी सोबत होतो.

हल्ली चावी देण्याचाही समारंभ असतो, तुम्ही पाहिला असेलच. गाडीला हार, नारळ, पुठ्ठ्याची हातभर चावी आणि समोर मोबाइलवर व्हिडिओ. डीलर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “काकूजी, गाड़ी एकदम नॉन-एक्सीडेंटल!”

“समझी नहीं भिया, एक बार और बोलो.”

त्याने छाती फुगवली. “एक भी टक्कर नहीं लगी! मेरी गारंटी!” मला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत त्याने तो व्हिडिओ कौतुकाने सगळीकडे टाकलाही.

पुढच्याच रविवारी काकांना घेऊन काकू निघाल्या आणि सिमरोलच्या अलीकडे स्टीअरिंग अडकलं. गाडी शेताच्या बांधाला जाऊन टेकली. लागलं कुणालाच नाही, पण काका हादरले. घरी आल्यावर “आता मला गाडीत बसवू नकोस” म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. मेकॅनिकने गाडी उचलून दाखवली. पुढचा सगळा भाग जुन्या अपघातात चेपलेला, वेल्डिंगने जोडलेला, वरून ताजा रंग.

डीलरने सरळ कानांवर हात ठेवले. “पुरानी गाड़ी है काकूजी, इतना तो चलता है. बिल पे लिखा है, बिका माल वापस नहीं.”

पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, सोडून दे ना.” काकू कडाडल्या, “गाडीचं दुःख नाही रे मला! माझ्या माणसाला त्याने परत पलंगावर टाकलं. ते कसं सोडू?”

वकील न करता त्या स्वतः ग्राहक आयोगात उभ्या राहिल्या, मी मागे बसलो. डीलरचे वकील ठासून म्हणाले, “मैडम को एक्सीडेंट की बात पहले ही बता दी थी.”

काकूंनी शांतपणे चष्मा पुसला. “समझी नहीं वकील साहब, एक बार और बोलिए.”

वकील आणखी जोरात बोलले. शेजारचा डीलर मात्र जमिनीकडे बघू लागला. त्याला आठवलं असावं. काकूंनी परवानगी मागून मोबाइल पुढे केला, आणि त्या खोलीत डीलरचाच आवाज घुमला, “एक भी टक्कर नहीं लगी! मेरी गारंटी!” पाठोपाठ माझं हसणंही ऐकू आलं. आपल्याच हसण्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

निकाल काकूंच्या बाजूने लागला. बिलावर काहीही छापा, गाडी जुनी असली तरी तिचा अपघात लपवून ती विकता येत नाही. गाडी परत घ्या, व्याजासह पैसे द्या आणि मनस्तापाची भरपाईही द्या. त्या दिवशी काकूंनी गल्लीभर जिलेबी वाटली आणि मी या वयात शिट्टी मारली.

मग दुसरी गाडी आली. हीसुद्धा सेकंडहँडच, पण आधी मेकॅनिकला तिच्याखाली झोपवून, त्यालाही दोनदा बोलायला लावून घेतलेली. काका खिडकीत बसले होते. काकूंनी खालून हाक मारली, “चला हो, सिमरोलला जाऊ.”

काकांनी वरूनच गाडी न्याहाळली. मग जड जिभेने म्हणाले, “समजलं नाही. परत एकदा बोल.”

काकूंनी परत सांगितलं. काकांनी काठीकडे हात पुढे केला.

आता रविवारी सकाळी मी पोहे घेऊन समोर जातो, तर कडुनिंबाखालची गाडीची जागा रिकामी असते आणि दाराला कुलूप. ते कुलूप बघून मला फार बरं वाटतं.