शेऱ्याची रिकामी ओळ

काजवालीला नाव होतं, पण शिलाईच्या कारखान्यात काज-बटणं करता करता ते सगळे विसरले होते. बाई मोठी खमकी. तिच्या जिभेला हाड नाही, असं जाऊबाई म्हणायच्या. जाऊबाईंच्या तरी कुठे होतं म्हणा.

तिची लेक, जिला सगळे बटणच म्हणत, दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. पोर मंद आहे, असं जाऊबाईंनी घरभर करून टाकलं होतं.

काजवाली तिला लस टोचायला दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा नर्सबाईंनी वाढीचा तक्ता पुढे ओढला. बसते? हो. आई म्हणते? दिवसभर. चिमटीत वस्तू धरते? काजवालीने टेबलावर चार बटणं टाकली, पोरीने एकेक उचलून डबीत भरली. रांगली का? नाही. धरून उभी राहते? नाही. नर्सबाईंनी शेऱ्याच्या ओळीवर पेन टेकवलं. तिथे ‘वाढ मागे’ पडलं की जिथे तिला घालायचं होतं ते पाळणाघर पोरीला घेणार नव्हतं, आणि जाऊबाईंचं बोलणं कागदावर खरं ठरणार होतं.

“जमिनीवर सोडता ना हिला?” नर्सबाईंनी सहज विचारलं.

कारखान्याच्या फरशीवर टाचण्या आणि तुटक्या सुया, म्हणून पोर टेबलावरच, कापडाच्या दोन ठाणांच्या मध्ये वाढली होती. घरी सवयीने कडेवर. जपता जपता आपणच हिला जमीन दिली नाही, हे काजवालीला आज कळलं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“ती ओळ महिनाभर कोरी ठेवा,” ती म्हणाली. “मग मीच सांगते काय लिहायचं ते.”

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याचा एक कोपरा ठाणं लावून अडवला. कटिंग मास्तर तणतणत आले. “हा कारखाना आहे, अंगण नाही.”

“मग आजपासून काजं तुम्ही करा, मास्तर.”

मास्तरांना काजं येत नव्हती. ते गेले आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन आले. ते दोरीला बांधून काजवाली रोज सकाळी फरशीवरून फिरवी, मग वरून तळहात फिरवी. दोनदा रक्त आलं.

पहिले चार दिवस बटणने रडून कारखाना डोक्यावर घेतला. घरीही तेच.

“कशाला पोरीचे हाल करतेस?” जाऊबाई म्हणाल्या.

“तुमच्या मांडीवर ठेवली नाही ना?”

दुसऱ्या आठवड्यात पोर रांगली. चौथ्यात तिने कपडे चढवायच्या पुतळ्याचा दांडा धरला आणि उभी राहिली. सगळी मशिनं थांबली. काजवाली त्या दिवशी पोटभर रडली.

महिन्याने दवाखान्यात नर्सबाईंनी बटणांची डबी लांब धरली. पोरीने टेबल सोडलं, दोन पावलं टाकली आणि बदकन बसली.

“छान,” नर्सबाई हसल्या. “आता शेऱ्याची गरज नाही.”

“आहे. लिहा, मुलगी ठीक आहे, आईने तिला जमिनीवर सोडलं नव्हतं.”

“अहो, असं कुणी लिहून घेतं का?”

“मी घेते. आणि अक्षर मोठं काढा. घरी जाऊबाई वाचणार आहेत.”