उजव्या कानातले निरोप

तामलवाडीच्या श्रीमंत नावाच्या आबांचा डावा कान आधी गेला, मग उजवाही मंदावला. सगळा जन्म मेंढरांमागं माळावर गेलेला, अक्षरओळख नाही. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन शिट्ट्या घालायचं, म्हणून ते त्यांनी फडक्यात बांधून ठेवून दिलं. शेवटी एकच आवाज उरला, बायकोचा. अयोध्याबाई उजव्या कानाशी तोंड नेऊन सावकाश बोलायच्या, तेवढंच आबांना कळायचं. बाकी गाव त्यांच्यासाठी नुसतं ओठ हलवायचं.

एका बारशाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "या भैऱ्याला कशाला आणलं?" हशा पिकला. आबाही सगळ्यांबरोबर हसले आणि बायकोकडं वळून विचारलं, "काय म्हनत्यात?"

"तुमची मेंढरं लई चांगली हायत म्हनत्यात."

आबा घरी येईपर्यंत खुशीत होते. अयोध्याबाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. एवढ्यानं माणूस सुखावत असेल, तर कुणाचं काय जातंय?

त्यांचा एकुलता मुलगा रामहरी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात होता. रविवारी त्याचा फोन यायचा.

"आबांना देऊ का रे?"

"नको आई, ओरडून ओरडून घसा बसतो माझा. बरे हायत न्हवं? मग झालं."

रामहरी वाईट नव्हता. थकलेला असायचा. पण आबा समोर बसून बायकोच्या तोंडाकडं बघत असायचे. त्यांना काय सांगायचं? "तुमचा गुडघा कसा हाय, इचारतोय," त्या म्हणायच्या. पुढच्या रविवारी आणखी काहीतरी. आबांची भूक वाढत गेली. "अजून काय म्हनला?" असं विचारल्याशिवाय ते उठायचेच नाहीत. एकदा अयोध्याबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आता मेंढरं बास करा, माझ्याकडं ऱ्हायला या म्हनतोय."

आबांचा चेहरा असा उजळला, की पुढं दर रविवारी तोच निरोप द्यावा लागला.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आबा एकटेच माळावरून आले. मागं एकही मेंढरू नव्हतं.

"बब्रुवानला दिली समदी," ते म्हणाले. बब्रुवान त्यांचा पुतण्या. "माझ्याच्यानं फिरनं व्हत न्हाय आता. पोरगं एवढं बोलावतंय. जाऊ आपन."

अयोध्याबाई तशाच उठल्या. बब्रुवानकडं धावल्या, तर तो कळप घेऊन बार्शीच्या बाजूला निघून गेलेला. मग त्यांनी रामहरीला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "आई, दोन खोल्या हायत. मोनिकाची आई अंथरुणाला खिळलेली. कुठं ठेवू तुम्हाला? तूच सांग त्यांना काहीतरी."

काहीतरी सांगून सांगूनच तर ही वेळ आली होती. त्यांच्यानं सांगणं झालं नाही. पोराला समोर बघून काही मार्ग निघेल, या आशेवर त्या आबांबरोबर एसटीत बसल्या.

सून मोनिकानं चहा दिला. नात सृष्टी आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली. आबा घरभर बघत होते, आपली पथारी कुठं पडेल याचा अंदाज घेत. दुसऱ्या दिवशी रामहरीनं मन घट्ट केलं. वाकून बापाच्या कानात ओरडला, "आबा, इथं जागा न्हाय वो!"

आबा हसले. त्यांनी पोराच्या गालावरून हात फिरवला आणि बायकोला विचारलं, "काय म्हनतोय?"

रामहरीचे डोळे भरून आले. तो उठून बाहेर गेला.

अयोध्याबाई कानाशी वाकल्या. "जागा न्हाय म्हनतोय. आपल्याला माघारी जायचंय."

आबांनी डोकं मागं घेतलं. "त्यो असं म्हननार न्हाय."

"खरं सांगते वो. त्यो कधीच या म्हनला न्हाय. म्याच बनवून सांगत व्हते."

"वरीसभर बोलावतोय, आन् आता खोटं? रडत गेला त्यो, दिसलं न्हाय का मला? तुला गाव सोडवंना, म्हनून पोराच्या नावावर घालतीस व्हय?"

अयोध्याबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. आबा ऐकत होते, पण मानत नव्हते. परत आले तेही बायकोशिवाय परक्या शहरात निभणार नाही म्हणून. एसटीत ते उजवा कान खिडकीकडं करून बसले.

बब्रुवान परतल्यावर अयोध्याबाईंनी त्याला मध्ये घातलं. तो हातवारे करून, ओरडून दमला. आबा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणाले. मेंढरं परत देतो म्हणाला तो, पण तेही त्यांना कळलं नाही. बायकोनं सांगायला तोंड जवळ नेलं, तर त्यांनी तळहातानं कान झाकला.

रामहरी आता लाजेनं म्हणा, मायेनं म्हणा, आठवड्यातून दोनदा फोन करतो. खरोखरच बापाची चौकशी करतो. ती पोचवायला वाट नाही.

आबा सकाळीच हमरस्त्याच्या कडेला, सोलापूरहून येणाऱ्या गाड्या थांबतात तिथं जाऊन बसतात. भाकरीच्या वेळेला अयोध्याबाई त्यांना आणायला जातात. त्या खांद्याला हात लावतात. आबा तो हात बाजूला करतात, गुडघ्यांवर जोर देऊन उठतात आणि पुढं चालू लागतात.