शेंदूर फासणारा चौकीदार

केनवडजवळच्या आमच्या खडकांच्या बागेत हत्तीएवढाले दगड एकमेकांवर तोलून उभे आहेत. तिथला चौकीदार रोज प्रत्येक दगडावर थाप मारतो, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. माझ्याशी बोलता बोलता विचारतो, "समजून राह्यलं ना, भाऊ?"

हे दगड फोडून गिट्टी करायला खाणवाला टपला आहे. त्याच्याविरुद्ध मी पत्रकं वाटतो, अंधश्रद्धेविरुद्धही वाटतो. परवा गेलो, तर हा बाबा एकामागून एका दगडाला शेंदूर फासत होता.

मी भडकलो. "काका, कालचा दगड आज देव कसा झाला? लोकांना फसवता?"

"तुह्या कागदानं मशीन थांबली काय?" तो म्हणाला. "सकायी फोडणारे आले. पयल्या दगडाचा शेंदूर पाह्यला, चपला काढल्या, हात जोडले अन् वापस गेले."

"पण हे खोटं आहे!"

"हाव, खोटंच हाये." त्यानं शेंदराचा डबा माझ्यापुढे धरला. "त्या उंच दगडाले माहा हात पुरत नाही. तू लंबा हायेस."

पत्रकं काखेत मारून मी बोटं शेंदरात बुडवली. तेव्हा मला राग नेमका कोणाचा येत होता, ते अजून कळलेलं नाही.