भाकरी उलटेपर्यंत थांबा

पहिल्यांदा खटकलं ते हे, की हॉलमध्ये प्रोजेक्टर नव्हता.

शिक्षकांचं ट्रेनिंग आणि प्रोजेक्टर नाही? जुळे सोलापुरातल्या त्या शाळेच्या दारात चपला काढतानाच मी त्या परत घालायला लागले. प्रोजेक्टर असला की अंधार करतात, आणि अंधार असला की आपल्याकडं कुणी बघत नाही. माझी सगळी भिस्त त्या अंधारावर होती!

ट्रेनिंगहून माणूस एक पेन, एक पॅड आणि पोतंभर किस्से घेऊन परत येतो. पेन आठवड्यात संपतं, पॅडवर घरचे लोक किराणा लिहितात. किस्से मात्र स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीला थोडे फुगतात. माझे अजून ताजे आहेत. फुगायच्या आत सांगून टाकते.

*

ट्रेनिंग होतं सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी. मी त्यात सगळ्यांत लहान. चिंचोळी एमआयडीसीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते, पण अजून शिक्षण सेवक, म्हणजे नोकरी कायम व्हायची आहे.

मार्गदर्शक होत्या म्याकल मॅडम. ठेंगण्या, इरकली साडी, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, “मुलं प्रश्न विचारायचं कोणत्या इयत्तेत बंद करतात?”

आणि गप्प झाल्या.

आम्हाला वाटलं, पुढं बोलतील. बोलेनात. नुसत्या आमच्याकडं बघत उभ्या. पापणीसुद्धा हलेना. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. मला आमच्या कॉलनीतले एक काका आठवले. बोलता बोलता असेच गप्प झाले होते आणि तो अर्धांगवायूचा झटका निघाला होता!

मी बाटली घेऊन धावले. “मॅडम! मॅडम, बरं वाटतंय ना? एक हात वर करून दाखवता का?”

मॅडमनी शांतपणे हात वर केला आणि म्हणाल्या, “हात खरं तर तुम्ही वर करायचा असतो, बेटा. मी थांबलेय.”

*

तर त्या सगळ्या ट्रेनिंगचा विषय हाच होता. थांबणं!

म्याकल मॅडमचं म्हणणं असं, की आपण वर्गात प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. मुलानं विचार करायला सुरुवात केलेली असते, तेवढ्यात आपण फळ्यावर लिहून टाकतो. “प्रश्न विचारला की तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत थांबा,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

मागून आवाज आला, “मॅडम, तवा कुठला? चुलीवरचा का गॅसवरचा?”

हे कलशेट्टी सर. अक्कलकोटकडचे. विज्ञान शिकवण्यात उभी हयात गेलेली. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि भांडणात दोन्ही! प्रत्येक ट्रेनिंगला असतात आणि प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतात. पहिल्याच चहाला मला सांगून ठेवलं होतं, “आपल्याकडं उत्तर कायम रेडी हाय. प्रश्न तुमी कवा बी विचारा!”

सगळे हसले. म्याकल मॅडम मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या सरांकडं नुसतं बघत राहिल्या.

पंखा फिरतोय. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मॅडम बघतायत.

शेवटी सरच हळूच म्हणाले, “...गॅसवरचा धरू.”

*

त्याच दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. शेवटच्या दिवशी एकानं सगळ्यांसमोर नमुना पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी सातवीची मुलं व्हायचं.

चिठ्ठी माझी निघाली. निघणारच! आयुष्यात कधी लकी ड्रॉमध्ये वाटीसुद्धा लागली नाही.

पाठाचे नियम दोन. एक, प्रश्न विचारल्यावर पाठ घेणाऱ्यानं स्वतः उत्तर द्यायचं नाही. वर्गातून कुणीतरी न खोडता येणारं काही बोललं तरच पाठ पूर्ण, नाहीतर तसाच अपूर्ण म्हणून नोंद. दोन, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पाठ आहे असा प्रश्न विचारायचा नाही.

मी चिठ्ठी गुपचूप परत ठेवायला निघाले. कारण असं, की गेल्याच महिन्यात आमचे हेडसर माझा तास बघायला बसले होते. तास संपल्यावर म्हणाले, “मॅडम, तुमचा तास रेडिओसारखा आहे. चालतो छान. पण रेडिओला कुणी उत्तर देत नाही.” आता या पाठाचा शेरा त्यांच्याकडंच जाणार होता. तोच ‘अपूर्ण’ आला, तर मी कुठल्या तोंडानं कायम व्हायचं?

खरं सांगते, वर्गात शांतता पडली की मला धडधडतं. कुणीतरी आपली चूक पकडलीय असं वाटतं. म्हणून मी बोलत सुटते.

माझ्या शेजारी उर्दू शाळेच्या शेख मॅडम बसायच्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, “अगे, इत्ता कायकू डरती? हम सब हैं ना!”

कलशेट्टी सरांनी मागून दिलासा दिला, “पोरी, भिऊ नको. तुझा प्रश्न संपायच्या आत मी उत्तर देतो की!”

तेवढ्यावर त्या रात्री झोप लागली.

*

दुसऱ्या दिवशी शेख मॅडम आल्या त्याच कपाळाला हात लावून.

“क्या बोलूँ! काल घरी प्रयोग केला.”

झालं असं, की त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा संध्याकाळी घरी आला. यांनी विचारलं, “क्यूँ रे?” आणि भाकरी उलटेपर्यंत थांबल्या.

मुलगा चुळबुळला. म्हणाला, “अम्मी, मोबाईल पडला, काच फुटली.” या गप्पच. मग म्हणाला, “एक विषय राहिलाय.” या तरी गप्प. मग तो रडायलाच लागला आणि म्हणाला, त्याला इंजिनिअरिंग करायचंच नाहीये, पहिल्या दिवसापासून करायचं नव्हतं, पण अब्बांना सांगायची हिंमत होत नव्हती.

शेख मॅडमनी पदरानं डोळे टिपले.

“और मैं तो बस इत्ताच पूछ री थी, दूध कायकू नै लाया!”

*

तिसऱ्या दिवशी पाहणीला एक साहेब आले. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आम्हाला आला, पण म्याकल मॅडमनी नेमका तेव्हाच प्रश्न विचारला होता आणि आम्ही सगळे विचार करत बसलो होतो. कुणी खाली बघतंय, कुणी डोळे मिटलेत. 

साहेब दारात आले. आमच्याकडं बघितलं. हळूच बूट काढले, हात पुढं बांधले आणि मान खाली घालून उभे राहिले! त्यांच्यामागं ड्रायव्हर, तोही तसाच. त्यानं तर टोपीसुद्धा काढली.

बऱ्याच वेळानं साहेब शेवटच्या रांगेकडं झुकून कुजबुजले, “कोण गेलं?”

कलशेट्टी सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, “माणसं सगळी हायत, साहेब. प्रोजेक्टर गेला.”

*

चौथ्या दिवशीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. 

म्याकल मॅडमनी त्याच शाळेतला सहावीचा खरा वर्ग घेतला. आम्ही भिंतीला टेकून उभे. मॅडमनी विचारलं, “सगळ्यांत मोठी संख्या कुठली?”

“लाख!” “कोटी!” “अब्ज!” एकानं तर “अब्ज कोटी!” म्हणून बाकावर हात आपटला. मॅडमनी एकालाही बरोबर म्हटलं नाही, चूक म्हटलं नाही. फळ्याकडं वळल्यासुद्धा नाहीत. नुसत्या थांबल्या.

आवाज विरत गेले. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. माझ्या मनात आलं, आता तरी सांगून टाका ना बाई! मला सहन होत नव्हतं. 

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वर्गशिक्षिका आधीच आमच्या कानात म्हणाल्या होत्या, ही फार बोलत नाही, घरी तेलुगू आहे, मराठीत अडखळते. ती उभी राहिली. हात वर न करताच.

“मॅडम, तुमी कुठली पण सांगा,” ती म्हणाली. “मी त्याच्यात एक मिळवते.”

  म्याकल मॅडमनी चष्मा डोळ्यांवरून काढून खाली सोडला आणि त्या चक्क पहिल्या बाकावर, मुलांच्या शेजारी बसल्या. जणू आता त्यांचं काम संपलं होतं.

शेख मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की नंतर बघते तर बोटं उमटलेली.

जेवणाच्या सुट्टीत कलशेट्टी सर शेंगाचटणीची वाटी समोर घेऊन बसले होते. भाकरी मोडली नव्हती. मी विचारलं, “सर, जेवत नाही?”

“जेवतो की,” म्हणाले. एवढंच. ट्रेनिंगमधलं त्यांचं ते सगळ्यांत लहान वाक्य असेल.

*

आणि मग शेवटचा दिवस.

मी फळ्यासमोर उभी. समोर चाळीसेक शिक्षक सातवीची मुलं होऊन बसलेले. कुणी शेजाऱ्याची वही ओढतंय, कुणी “मॅडम, पाणी प्यायला जाऊ?” म्हणतंय. म्याकल मॅडम कोपऱ्यात, मांडीवर शेऱ्याचा कागद.

रात्रभर प्रश्न शोधला होता. जो सुचेल त्याचं उत्तर मला येत होतं. शेवटी सकाळी रिक्षातून येताना वर बघितलं आणि मिळाला.

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.  “तो ढग बघा. त्यात पाणी आहे, इतकं की अख्खी पेठ धुऊन निघेल. मग तो खाली का पडत नाही?”

“हलका असतो म्हणून!” कलशेट्टी सर. शब्दाला जागले! मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

तेवढ्यात शेख मॅडम बाकावरून ओरडल्या, अगदी सातवीतल्या पोरीसारख्या, “सर, पाणी हलकं असतं? मग घागर एका बोटानं उचलून दाखवा की!”

हशा पिकला. सर म्हणाले, “तसं न्हाय, ती वाफ असते...”

“वाफ दिसते कुठं, सर?” दुसरं कुणीतरी. “ढग तर दिसतोय!”

सरांनी परत तोंड उघडलं.

आणि मिटलं.

मग जी शांतता पडली, तशी मी कधी ऐकली नव्हती. माझ्या हातातला खडू मोडला. एक तुकडा घरंगळत बाकाखाली गेला, कुणी उचलला नाही. ओठांवर येत होतं, “बरं, राहू दे, दुसरा प्रश्न घेऊ.” मी दात आवळून धरले. म्याकल मॅडमकडं बघितलं, म्हटलं डोळ्यांनी तरी खुणावतील. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. ढगाकडं बघत होत्या.

हळूहळू सगळेच ढगाकडं बघायला लागले. इतकी मोठी माणसं, पांढऱ्या केसांची, आयुष्यभर हाच धडा शिकवलेली, माना वळवून खिडकीबाहेर. जणू तो आजच पहिल्यांदा आला होता. माझी धडधड कधी थांबली, मला कळलंच नाही.

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला.

कलशेट्टी सर. सगळ्या ट्रेनिंगमध्ये त्यांनी हात कधी वर केला नव्हता. मी मान हलवली. ते उभे राहिले, शर्ट खाली ओढला, आणि पोरं उभी राहतात तसे दोन्ही हात मागं बांधले.

“मॅडम,” ते म्हणाले, “न्हाय माहीत. पोरं दरवर्षी विचारत्यात. मी दरवर्षी पुढचं पान काढतो.”